मेळाव्यातली रक्ततपासणी

सोलापुरात एका मेडिकल कॉलेजच्या नैतिकता समितीवर मी आहे. माणसांवर करायच्या संशोधनाला ही समिती परवानगी देते, आणि तिच्यात डॉक्टर नसलेलंही कुणीतरी लागतं. ते मी, निवृत्त शिक्षिका, तोंडाने फटकळ. चहा-खारी मिळते आणि भांडायला हक्काची जागा.

एकदा थॅलेसेमियाच्या चाचणीचा प्रस्ताव आला. हा दोष एकाच्याच रक्तात असला तर काही बिघडत नाही. नवरा-बायको दोघांत असला तर मूल गंभीर आजारी जन्मू शकतं. म्हणून एका तरुण डॉक्टरीणबाईंनी थेट वधू-वर मेळाव्यातच रक्त घ्यायचं ठरवलं होतं. कल्पना झकास. पण निकाल म्हणे आईवडिलांना सांगणार!

"अहो, मेळाव्यात मुलीच्या चष्म्याचा नंबरसुद्धा दुपारपर्यंत सगळ्यांना पाठ होतो," मी म्हणाले. "निकाल ज्याचा त्याला, बंद दाराआड. तिसऱ्याला नाही."

बरीच वादावादी झाली, पण बाईंनी हसत बदल केला.

मेळाव्याला माझी थोरली बहीण करकंबहून लेकीला घेऊन आली. भाचीचं बार्शीच्या एका मुलाशी जमत आलं होतं. दोघांनी हौसेने रक्त दिलं. निकालाला कॉलेजात बोलावलं, तेव्हा एकेक करून आत गेले, बाहेर आले आणि आमच्याकडे न बघता कँटीनमध्ये जाऊन बसले.

अक्काने माझा दंड धरला. "तू कमिटीत हायस न्हवं? आत जाऊन इचार की! पोरीत काय निघालं तर सोयरीक मोडंल."

"न्हाय सांगत कुणाला. नियम हाय."

"कुणी केला असला नियम?"

"मीच."

यावर अक्का जे बोलली ते लिहिण्याजोगं नाही. खरं तर माझाही जीव टांगणीला लागला होता.

कँटीनच्या दारातून दोघं दिसत होती. भाची मान खाली घालून बराच वेळ बोलली. मुलगा काहीतरी म्हणाला, आणि ती अशी खदखदून हसली की भजी तळणाराही वळून बघू लागला.

आम्ही धावत आत गेलो.

"आई, तारीख काढा," भाची म्हणाली.

"अगं, पण निघालं काय?"

"ते आमचं आमी बघितलं. मावशी, तूपण इचारायचं न्हाय हं."

अक्का कपाळावर हात मारून खाली बसली. तोवर पोरीचं लग्न आम्ही जमवत होतो. त्या दुपारी ते तिने जमवलं, आणि मला तिथंच फुगडी घालावीशी वाटली.