डॉक्टरच्या घरचं मशीन

आमच्या भागात मला डॉक्टर म्हणतात. माणसांचा नाही हो, वॉशिंग मशिनचा. बावीस वर्षं हेच करतोय. दारातूनच आवाज ऐकून सांगतो, बेअरिंग गेलंय, बेल्ट सैल झालाय, की तुमच्या चिरंजीवांनी खिशात खिळे ठेवून पँट टाकलीय. बढाई मारतोय असं वाटेल, पण थांबा. पुढचं ऐकल्यावर तुम्हीच मला जोड्याने मारायला निघाल.

माझ्या स्वतःच्या घरात मशीन नव्हतं.

का? तर मी शहाणा! दिवसभर डोळ्यांसमोर बिघडलेलीच मशिनं. धडधाकट मशीनवाला मला कशाला बोलावतोय? त्यामुळे जगातलं एकूण एक मशीन म्हणजे भंगारात निघालेला डबा, असं माझं ठाम मत झालं होतं. आमची ही दर दोन-तीन वर्षांनी विषय काढायची, "अहो, आपणही एखादं साधंसं बघायचं का?" की झाला माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. याचा बोर्ड टिकत नाही, त्याचा ड्रम गंजतो, अमक्याचे भागच मिळत नाहीत. आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य, "तुझ्या हाताची सर कुठल्या मशिनला येणार आहे?" मला वाटायचं, मी कौतुक करतोय. ती "बरं" म्हणायची आणि बादली उचलायची.

त्या बादलीत काय असायचं, तेही सांगतो. माझे कामाचे कपडे. ग्रीस, काळं तेल, ड्रममागचा बुळबुळीत चिखल. दोन पोरांचे कपडे वेगळे. माझे वडील अंथरुणावर होते ती तीन वर्षं त्यांच्या चादरी, रोजच्या रोज. न्हाणीघरात पाटावर बसून, ब्रशने घासून, तास-दीड तास. सकाळी मी कडक स्वच्छ शर्ट घालून बाहेर पडायचो आणि गिऱ्हाइकं म्हणायची, डॉक्टर कसे टापटीप असतात बघा. ते कौतुकही मी एकट्यानेच खाल्लं.

एका रविवारी सकाळी शाळेतल्या बाई घरी आल्या. निवृत्त, एकट्या राहणाऱ्या, माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मशिनने राम म्हटला होता. आठ दिवस हाताने धुवून बेजार झाल्या होत्या, आणि नवीन कुठलं घ्यावं हे विचारायला आल्या होत्या. असं कुणी विचारलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. खुर्ची ओढून बसलो.

"बाई, आधी हाताने धुणं बंद करा," मी म्हणालो. "आजच्या आज. अहो, ती काय शिक्षा आहे? कंबर जाते, हात जातात, पाण्यात बसून सांधे आखडतात. माणसाने इतकं राबायचं कशासाठी? बाजारात एवढी मशिनं पडलीत. साध्यातलं साधं घ्या, पण घ्या. ज्याच्या घरात बाईमाणूस अजून खाली बसून कपडे घासतंय ना, त्या घरातल्यांना काही वाटायला पाहिजे!"

बोललो. ह्याच तोंडाने बोललो. आतून ब्रशचा खस्स खस्स आवाज येत होता. इतक्या वर्षांत तो मला ऐकू येईनासा झाला होता. थांबला तेव्हा ऐकू आला.

बाईंनीही ऐकला असणार. त्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात ही हात पुसत बाहेर आली. बाईंनी तिलाच विचारलं, "तुमच्याकडे कुठलं आहे हो? तेच घेऊन टाकते मी."



"आमचं बिघडलंय सध्या," ही म्हणाली. "बसा ना, चहा टाकते."

"घ्या! डॉक्टरांच्याच घरी पेशंट!" बाई हसल्या. आणि मीही हसलो. हो, हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. तिने चार शब्द सुनावले असते तरी परवडलं असतं. तिने माझी अब्रू झाकली आणि माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी मी काम बंद ठेवलं. "चल, मशीन घेऊन येऊ," म्हटलं. मला वाटलं होतं, विचारेल, आजच कसं काय सुचलं? तिने पर्स घेतली, चपला घातल्या.

दुकानदार ओळखीचा. "या डॉक्टर, या!" मी हिला म्हटलं, थांब, तुला एकेक समजावून सांगतो. तर ही सरळ तिसऱ्या रांगेतल्या मशिनपाशी जाऊन उभी. "हे," ती दुकानदाराला म्हणाली. "वरच्या झाकणाचं, साडेसहा किलोचं. नळाला जोर कमी असला तरी याच्यात पाणी चढतं. उंदीर शिरू नये म्हणून खाली जाळी आहे. आणि याचे भाग मिळतात."

"अरे बापरे! वहिनी, तुम्ही तर ह्यांच्याही पुढे!"

"हे फोनवर सगळ्यांना सांगत असतात ना. मी आत धूत असते, ऐकू येतं."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. सगळ्या भागाला मी मशिनं निवडून दिली. माझ्याच बायकोने आतल्या आत स्वतःचं निवडून ठेवलं होतं, आणि मला पत्ता नाही.

दुकानदार पावती फाडता फाडता म्हणाला, "बसवून द्यायला काय, घरचाच माणूस आहे."

"नको," ही म्हणाली. "तुमचाच माणूस पाठवा. आमचं पहिलंच मशीन आहे, मला बरंच विचारायचंय."

"पहिलंच?" दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी पंख्यांच्या किमती वाचत उभा राहिलो.

दोन दिवसांनी दुकानाचा माणूस आला. माझ्याच वयाचा, शांत. मी दोनदा मध्ये बोललो, पाय एका पातळीत घ्या, नळी उंच ठेवा. "त्यांना करू द्या," ही म्हणाली. मग मी दारात जाऊन उभा राहिलो. तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि तो माणूस एकेकाचं नीट उत्तर देत गेला. ब्लँकेट चालेल का? मध्येच पाणी गेलं तर? मग तिने झाकणावर डावा हात ठेवला. "हे एका हाताने उघडतं ना?"

"उघडतं की. डावखुऱ्या आहात का?"

"नाही. उजव्या हाताच्या बोटांत जोर राहिला नाही. पिळताना कपडा सुटतो."

"कधीपासून?"

"चार वर्षं होतील."

तो माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं असणार, मला माहीत आहे. मला काही माहीत नव्हतं. त्या चार वर्षांतला प्रत्येक शर्ट मी घातला होता. मी पुढे झालो आणि तिचा उजवा हात हातात घ्यायला गेलो. तिने तो हळूच मागे घेतला आणि त्या माणसाला विचारलं, "साबण किती घालायचा?"