सरदारची मुसंडी

नवीन पनवेलच्या सत्यजीत देवधरला बचाव करणाऱ्या माणसांची किळस यायची. राग नव्हे, किळस. रिक्षात दोन्ही हातांनी दांडी धरून बसणारे, कुलूप लावल्यावर ते पुन्हा ओढून बघणारे, आकाश निरभ्र असताना छत्री घेऊन निघणारे, सगळे त्याच्या लेखी सारखेच भेकड. असल्या माणसांमुळेच देश मागे राहिला, असं तो चहाच्या टपरीवर उभा राहून सांगायचा. टपरीवाला दयाराम मान डोलवायचा आणि गाळणी आपटायचा.

पस्तिशी ओलांडलेला हा वीरपुरुष उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या एका गोदाम कंपनीत मॅनेजर होता. म्हणजे हाताखालच्यांनी केलेलं काम तो वरच्यांना मोठ्या आवाजात सांगायचा. ही झाली पोटापाण्याची गोष्ट. त्याचं खरं बिऱ्हाड मोबाइलमध्ये होतं, 'राक्षसवाडी'त.

राक्षसवाडी हा एक खेळ. अक्राळविक्राळ प्राणी पकडायचे, पोसायचे, वाढवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवायचे, असा एक परदेशी खेळ जगभर गाजलेला आहे. त्याच्या नादी लागलेल्या पनवेलच्या चार-पाच इंजिनिअरांनी हौसेखातर आपला वेगळा खेळ रचला, फुकट वाटला, आणि त्यात आपल्याच डोंगरातले नि खाडीतले प्राणी घातले. विजेसारखी उसळणारी चिखलातली निवटी मासळी, कोयत्यासारख्या नांग्यांची चिंबोरी, खडकाला चिकटून बसलेलं कालव. कोन गावाला हायवेच्या कडेला जे टॉवर उभे राहिलेत त्यातल्या एकात राहणारा प्रणित हा या मंडळींचा म्होरक्या. खेळात काही बदलायचं असलं की सगळ्या खेळाडूंचं मत घ्यायचं आणि प्रणितने ते खेळात घालायचं, अशी पद्धत.

झुंजीचा नियम सोपा. प्रत्येकाचे सहा प्राणी. आळीपाळीने एकेक हुकूम द्यायचा. हल्ला कर, कवच घे, जखम भर, नाहीतर मागे ये आणि दुसऱ्याला पाठव. ज्याचे सहाही आडवे झाले तो हरला. एवढ्याशा नियमावर वाडीत दोन तट पडले होते. काही जण जखमा भरत, कवच घेत, समोरच्याला दमवून मारायचे. उरलेले धडाधड हल्ले करायचे. सत्यजीत या दुसऱ्या तटाचा नुसता माणूस नव्हता, कीर्तनकार होता. ग्रुपवर त्याचे लांबलचक मेसेज यायचे. कवच घेणाऱ्यांना तो 'कुकरवाले' म्हणायचा, कारण ते झाकण लावून बसतात. आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसणारी तोंडं टाकायचा.

त्याच्या जिवाचा तुकडा होता सरदार. जळत्या केसांचा, लालभडक डोळ्यांचा रानडुक्कर. सत्यजीत खांदा कॉलनीत दोन मित्रांबरोबर भाड्याने राहत होता आणि नोकरी नव्हती, तेव्हा त्याने हे पिल्लू पकडलं होतं. त्याची बायको इरा हिच्यापेक्षा सरदारचा सहवास जुना. इरा डेंग्यूने आडवी पडली होती, त्या आठवड्यात सरदारला नवे सुळे फुटले. सत्यजीतला तो आठवडा अजून आठवतो, तो सुळ्यांसाठी. इराला डबा शेजारच्या आशालताबाईंनी दिला. तसं घरातला सगळाच बचाव इराकडे होता. टाकीत पाणी किती आहे, विमा कधी भरायचा, गॅस कधी लावायचा, हे तीच बघायची. आणि त्या भिंतीआड सुरक्षित बसून आमचा वीर जगाला हल्ल्याचे धडे द्यायचा.

सरदारची मुख्य चाल म्हणजे मुसंडी. वाडीत तिच्याएवढा जोरदार फटका दुसरा नाही. मात्र मुसंडी मारणाऱ्यालाही थोडी इजा होते. ती भरून काढायला सरदारकडे दुसरी चाल होती, लचका. समोरच्याचा लचका तोडायचा, की त्याचं रक्त ह्याच्या अंगी लागतं आणि जखम भरते. पण लचक्याची पाळी फारशी यायचीच नाही. दोन-तीन मुसंड्यांत समोरचे चीत व्हायचे, आणि सत्यजीत खुर्चीतून उठून बाह्या सारायचा.

वाडीच्या गडावर एक किल्लेदार असतो. गडाची झुंज जिंकली की तो मान मिळतो आणि नियमांच्या चर्चेत त्याच्या शब्दाला वजन येतं. किल्लेदार झाल्यावर सत्यजीतने पहिलं काम केलं ते म्हणजे एक नवी प्रथा पाडली. गडाची झुंज हरणाऱ्याने आपला बिनीचा प्राणी सगळ्यांसमोर, स्वतःच्या अंगठ्याने, रानात सोडून द्यायचा. रानात सोडलेला प्राणी परत मिळत नाही. वर्षानुवर्षं पोसलेला असला तरी एका क्षणात पुसला जातो. झुंजीला धार यायला हवी, भेकड आपोआप गळतील, असं त्याचं म्हणणं. बऱ्याच जणांना ते आवडलं नाही. पण किल्लेदाराशी वाद कोण घालणार, म्हणून सगळे गप्प बसले.

पहिला बळी करंजा गावचा निकेश. बंदरात क्रेन चालवणारा हा अबोल पोरगा एक कासव घेऊन यायचा. दहावीला असताना पकडलेलं, नाव सखू. आजीचं नाव त्याने कासवाला दिलं होतं. सरदारने त्या कासवाचा चुराडा केला. निकेश सोडायचं बटण दाबेना. डोळे भरून आले त्याचे. सगळे खाली बघत होते. एकटा सत्यजीत हसला.

"रडतोस काय? चित्र आहे ते," तो म्हणाला. "दाब."

निकेशने दाबलं. सखू हळूहळू झाडीत शिरली आणि दिसेनाशी झाली. त्या दिवशी घरी येऊन सत्यजीतने इराला सगळा प्रसंग रंगवून सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि कुकर उतरवला.

एवढ्यावर त्याचं समाधान झालं असतं तर तो सत्यजीत कसला. बचाववाल्यांची नांगीच मोडायची म्हणून त्याने ठराव आणला, की जखम भरण्याची ताकद निम्मी करावी. मतं त्याने फोन करकरून गोळा केली. ठराव पास झाल्यावर प्रणितने त्याला मुद्दाम बाजूला घेऊन विचारलं होतं, की जखम भरणं म्हणजे सगळ्याच चाली आल्या, लचकाही निम्मा होईल, तुला चालेल ना? सत्यजीतने नाक मुरडलं. जखमांच्या गोष्टी बायकांनी कराव्यात, मला त्यात पाडू नकोस, टाक तू, असं म्हणून तो बाइकला किक मारून निघून गेला. त्याने प्रश्न पुरता ऐकलाही नव्हता. जे ज्ञान भेकडांच्या उपयोगाचं ते आपल्या डोक्यात कशाला शिरू द्या, हा त्याचा बाणा.

पुढच्या गडाच्या झुंजीला निशा आली. मोरा गावच्या कोळ्यांच्या घरातली, बंदरातल्या एका ऑफिसात नोकरीला, सत्यजीतच्याच वयाची. बाकीचे खेळाडू तिला थोडे टरकून असायचे, कारण ती कुणाचंच कौतुक करायची नाही. प्रणितच्या टॉवरमधल्या क्लबहाउसमध्ये रविवारी दुपारी सगळे जमले. खुर्च्या मांडलेल्या, भिंतीवर मोठा पडदा, कोपऱ्यात वडापावचं पार्सल. सत्यजीतने हस्तांदोलनाला हात पुढे केला. बाजारात शिळा बोंबील बघून बाई जशी पुढे सरकते तशी निशा त्याच्यावरून नजर काढून आपल्या खुर्चीकडे गेली.

तिने पहिलं पाठवलं कालव. खडकाला चिकटलेलं, करड्या शिंपल्याचं, हातपाय नसलेलं कालव. सत्यजीत मोठ्याने हसला. मागे वळून सगळ्यांना म्हणाला, की कुकर आला. दोन-चार जण हसले, सवयीने.

सरदारने मुसंडी मारली. निशाने कवच घेतलं. कालवाला खरचटलं, सरदारलाही. पुन्हा मुसंडी, पुन्हा कवच. तिचा चेहरा इतका कोरा होता, की ती बिलं तपासत बसली असावी असं वाटावं. आणखी एक मुसंडी, आणखी एक कवच. सरदारची जीवनरेषा हिरवीची पिवळी झाली. काही बिघडत नाही, असं सत्यजीत पुटपुटला आणि त्याने लचक्याचा हुकूम दिला.

रेषा जेमतेम वर सरकली आणि थांबली. त्याने स्क्रीनवर बोट घासलं. मोबाइल अडकला असेल म्हणून हलवून बघितला. पुन्हा लचका. पुन्हा तेवढंच.

"हे काय आहे? बग आहे हा," तो प्रणितवर खेकसला.

"बग नाही. निम्मं झालंय," प्रणित म्हणाला. "मी विचारलं होतं तुला."

ज्या कुऱ्हाडीला त्याने एवढी धार लावली होती ती कालवाला लागतच नव्हती. निशा जखमा भरण्याच्या भानगडीतच पडत नव्हती. ती नुसती झाकण लावून बसली होती, आणि हा आदळून आदळून स्वतःची हाडं मोडून घेत होता. जरा थांबावं, डाव बदलावा, असं कुणालाही सुचलं असतं. सत्यजीतकडे बदलायला दुसरा डावच नव्हता. सहाच्या सहा प्राणी त्याने मुसंडीवालेच पोसले होते.

सरदारची रेषा लाल झाली, आणि मग सत्यजीतने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. त्याने सरदारला मागे घेतलं आणि त्याच्या जागी दुसऱ्याला मरायला पाठवलं. मागच्या रांगेतून कुणीतरी 'अरे' म्हणालं. सत्यजीतचे कान तापले. त्याला वाटलं, सगळ्यांनी बघितलं. बघितलंच होतं. एकेक करून त्याचे बाकीचे पाचही प्राणी त्या शिंपल्यावर डोकं फोडून आडवे झाले. कालव मेलं एकदाचं, तर तिने चिंबोरी काढली आणि तीही कवच घेऊन बसली. शेवटी सरदारला यावंच लागलं. लंगडत आला बिचारा. इतक्या वेळात निशाने पहिल्यांदा हल्ल्याचा हुकूम दिला. चिंबोरीने नांगी उचलली, आणि सरदार कुशीवर कलंडला.

टाळ्या वाजल्या, पण थोड्या वेळातच थांबल्या. पुढचं काय ते सगळ्यांना माहीत होतं. प्रणितने सत्यजीतचा मोबाइल मोठ्या पडद्याला जोडला. पडद्यावर सरदार उभा राहिला, खुराने माती उकरत, आणि त्याच्याखाली लाल बटण आलं. रानात सोडा.

सत्यजीतचा अंगठा बटणाच्या वर थबकला. खांदा कॉलनीतली ती खोली, नोकरीच्या नकाराचे फोन, आणि त्या दिवसांत रोज सकाळी न चुकता आपल्याकडे धावत येणारं ते पिल्लू त्याला आठवलं. त्याला कुणी विचारत नव्हतं तेव्हा ते विचारत होतं. तो म्हणाला, नेटवर्क नाही. पडद्यावर नेटवर्कच्या चारही रेघा भरलेल्या दिसत होत्या. मग तो म्हणाला, की मुळात ही प्रथाच जरा चुकीची आहे, आपण यावर एकदा मॅच्युअरली बोलायला हवं.

निकेश वडापावच्या टेबलाजवळ उभा होता. तो पुढे आला. आवाज चढवला नाही त्याने.

"चित्र हाय ते, दादा," तो म्हणाला. "दाबा."

सत्यजीतने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने वायर ओढून काढली, मोबाइल पँटच्या खिशात कोंबला आणि त्यावर हात दाबून दाराकडे चालू लागला. दोघे-तिघे आडवे येणार होते. निशाने त्यांना थांबवलं.

"जाऊ दे त्याला," ती म्हणाली. "त्याचा डुक्कर काय आमाला नको. नियम त्यानंच केलेला, त्यालाच पाळता येत नाय."

गडाची खुर्ची तिच्याकडे आली. तिने त्याच दुपारी प्रणितला सांगून ती प्रथा बंद करून टाकली. त्यासाठी तिने मतबित घेतलं नाही. सखू काही परत आली नाही. निकेशने वडापाव खाल्ला आणि उरणची बस पकडली.

सत्यजीत घरी पोचेपर्यंत त्याला वाडीच्या ग्रुपमधून काढलेलं होतं. भांडण नाही, शिवी नाही, नुसतं काढलेलं. ज्या गल्लीबोळांत तो शड्डू ठोकत फिरायचा तिथे आता त्याच्याशी झुंजायला कुणी येणार नव्हतं. इराने विचारलं काय झालं. ड्रॉ झाली, तो म्हणाला. या खेळात ड्रॉ नसते हे इतक्या वर्षांत ऐकून ऐकून तिलाही ठाऊक होतं. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि टाकीत पाणी कमी आहे, आंघोळ करायची तर आत्ता कर, एवढंच सांगून ती गॅलरीतले कपडे काढायला गेली.

तो सोफ्यावर बसला आणि सरदारला वाडीतल्या वैदूच्या खोपीत घेऊन गेला. वैदूने पाला चोळला. लाल रेषा सरकत सरकत मध्यावर आली आणि थांबली. बाकीचं उद्या, असं खाली लिहून आलं. जखम भरणं निम्मं झालं होतं, सगळ्यांसाठीच. सरदार अर्ध्या अंगाने उभा राहून खुराने माती उकरत होता, पुढचा हुकूम मागत होता. सत्यजीतला रडू फुटलं. चित्रासाठी. बाहेर इरा चिमटे डब्यात टाकत होती, आणि तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने उशी तोंडावर दाबून धरली.