इन्साफनं लेकीचं कौतुक केलं

इजिप्तमधल्या दुमयात शहरात सुतारांच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या इन्साफला कुणी विचारलं, "लेक कशी आहे गं?" तर उत्तर ठरलेलं. "आहे आपली. दिवस ढकलतेय." शुरूक आजारी होती म्हणाल तर मुळीच नाही. चांगली धडधाकट पोर, वर्गात कायम पहिली. पण हे बोलायची सोय नव्हती. बोललं की दृष्ट लागते. हे इन्साफला तिच्या आईनं शिकवलं होतं, आणि इन्साफनं ते असं काही पाळलं की विचारू नका.

तान्ह्या शुरूकला बाहेर न्यायचं तर जुनेर घालून. खुर्च्यांच्या गाद्यांना खोळी शिवणं हा इन्साफचा धंदा. उरलेल्या मखमलीचा ती लेकीला झगा शिवायची, दार लावून आरशासमोर उभी करायची, डोळे भरून बघायची आणि झगा पुन्हा कपाटात. शुरूक पहिली आली तेव्हा इन्साफनं जिन्यात सांगितलं, "झाली बाई कशीबशी पास." खालच्या मजल्यावरची करीमान, जिच्या नजरेचा इन्साफला सगळ्यात जास्त धाक, ती सांत्वनाला खिरीची वाटी घेऊन वर आली. "मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाली. "सगळ्यांनाच कुठं डोकं असतं!" इन्साफनं खाली मान घालून ती खीर संपवली. आतल्या आत जळत होती, पण संपवली.

मग अमेरिकेचं निघालं. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी शुरूकला सांगितलं की ओहायोतलं एक विद्यापीठ परदेशातल्या मोजक्या मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती देऊन घेतं. त्याशिवाय आमच्या गल्लीतून कोण जाणार तिकडे! शुरूकनं अर्ज करायला घेतला. इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीला जवळच्या मन्सूरा शहरात जावं लागे. तिथं वरचेवर कशाला जाते, असं लोक विचारतील म्हणून इन्साफनं उठवून दिलं की पोरीच्या दाढा किडल्यात. सगळ्या गल्लीला पटलं. किराणावाला तर तिला फुकट लवंगा द्यायला लागला.

अर्जात स्वतःबद्दल निबंध लिहायचा होता. शुरूक रडकुंडीला आली.

"आई, हे स्वतःची स्तुती करायला सांगतायत!"

"मग कर. पण कागदावर कर," इन्साफ म्हणाली. "तोंडानं एक अक्षर बोलू नकोस."

शेवटी राहिली मुलाखत. त्याच विद्यापीठात शिकून आलेली आणि आता कैरोत राहणारी एक बाई फोन करून दिवस ठरवणार होती. शुरूकचा फोन बंद पडला होता म्हणून तिनं आईचा नंबर दिला, पण तसं आईला सांगायचं राहिलं. इथंच घात झाला.

दुपारी फोन वाजला तेव्हा शुरूक शिकवणीला गेली होती.

"शुरूकचं घर ना? मी लमीस, कैरोहून. शुरूकबद्दल जरा बोलायचं होतं."

करीमानची एक चुलत बहीण कैरोत लग्नं जुळवते. इन्साफच्या डोक्यात एकदम उजेड पडला. हिला करीमाननंच सोडलंय माझ्यावर!

"बोलण्यासारखं काय आहे तिच्यात?" इन्साफ म्हणाली. "अंडं उकडायला ठेवलं तर तेही करपवते."

"नाही, मी तिच्या अमेरिकेच्या…"

"अमेरिका? कोण चाललंय अमेरिकेला? तब्येतीनं नाजूक, डोक्यानं बेताची. दुमयातबाहेर पाऊल टाकायची नाही ती, आणि आम्ही टाकूही देणार नाही."

मग ती बाई म्हणाली, "घरच्यांचा नकार आहे तर. बरं." आणि फोन बंद झाला. मोठा गड जिंकल्याच्या थाटात इन्साफ पुन्हा मशीनवर बसली.

संध्याकाळी शुरूक घरात आली ती विचारतच. "लमीसबाईंचा फोन आला होता?"

इन्साफचे हात तिथल्या तिथे थांबले. "ती… ती करीमानची बहीण नव्हती?"

काय झालं ते कळल्यावर शुरूक रडली नाही. पांढरीफटक पडली, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. "जन्मभर मला लपवलंस आई," ती म्हणाली. "आता बस घेऊन मला. लपलेलीच राहीन."

तिनं कैरोला फोन लावला, माफी मागितली. बाईंचा आवाज कोरडा होता. जी मुलगी खरंच येणार आहे तिलाच ती जागा मिळावी, असं त्यांचं म्हणणं. दोघींनी उद्या कैरोला त्यांच्या घरी यावं, आणि खरं काय ते आईनं समोर बसून सांगावं.

"तू चल बरोबर," इन्साफ नवऱ्याला म्हणाली.

"मी कशाला?" रगब म्हणाला. "तू घाण केलीस, तूच निस्तर."

सकाळच्या गाडीनं मायलेकी कैरोला निघाल्या. इन्साफच्या मांडीवर आमच्या दुमयातच्या मशब्बकची पेटी होती, पाकात मुरवलेल्या गोल चकल्यांची. रस्ताभर शुरूक खिडकीकडे तोंड करून बसली.

लमीसबाईंनी आधी शुरूकला एकटीला आत घेतलं. खूप वेळानं इन्साफला बोलावलं. इन्साफ आत गेली, बाईंकडे बघितलं आणि दारातच थबकली. निळे डोळे! आणि पुढच्या दोन दातांत फट! आमच्याकडे अशा माणसाची दृष्ट हमखास लागते म्हणतात; त्याची चाहूल लागली की बाया पाळण्यावर पांघरूण ओढतात. अरे देवा, इन्साफच्या मनात आलं, सगळं कैरो सोडून हीच मिळाली?

"सांगा," लमीस म्हणाल्या. "फोनवर बोललात ते खरं, की खोटं?"

"तशी… बरी आहे पोर," इन्साफ कशीबशी म्हणाली.

शुरूकनं मान खाली घातली. ती खाली गेलेली मान इन्साफला बघवेना. लागायची ती दृष्ट मला लागो, तिनं मनाशी म्हटलं. माझे हात झडोत, मशीन मोडो, काय वाट्टेल ते होवो.

"बाई, माझ्या लेकीसारखी लेक अख्ख्या दुमयातमध्ये नाही!" ती म्हणाली, आणि मग कसली थांबते! "वर्गात पहिली, दरवर्षी पहिली! मला अक्षरओळख नव्हती. हिनं शिकवलं मला, मी खोळी शिवत असताना, समोर फरशीवर बसून. दहादा चुकले तरी एकदा चिडली नाही. आता मी पेपर वाचते, बाई, माझी मी! दिवे गेले तर ही जिन्यात मेणबत्ती लावून अभ्यास करते. आणि दिसायला बघा. बघा की! सगळ्यांसमोर वाकड्या तोंडानं हिचं नाव घेतलं मी, पण मनात एक दिवस असा गेला नाही की हिला बघून माझी छाती फुगली नाही."

शुरूक लाजून लाल झाली होती. लमीसबाई पदराआडून हसाव्यात तशा तोंडावर हात धरून हसत होत्या.

"मी ओहायोत शिकत होते तेव्हा माझी आई चार वर्षं सगळ्यांना सांगत होती की मी अलेक्झांड्रियाला आत्याची सेवा करतेय," त्या म्हणाल्या. "अहो, ती हुशार आहे हे मला तिच्याशी बोलून कळलंच. मला एवढंच विचारायचंय. निवड झाली तर पाठवाल का तिला?"

ह्याचा मात्र इन्साफनं विचारच केला नव्हता. दृष्टीपासून वाचवायच्या नादात लेक जाणार हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. डोळे भरून आले ते तिनं पुसलेही नाहीत.

"इतकी वर्षं दडवून ठेवली," ती म्हणाली. "आता दिसू दे जगाला. पाठवते."

वसंतात निवड झाल्याचं कळलं. इन्साफ तडक करीमानच्या दारात. "शुरूक अमेरिकेला चाललीय शिकायला! शिष्यवृत्ती मिळालीय. आणि कशीबशी पास वगैरे काही नव्हती, पहिली यायची!"

करीमान उंबऱ्यावरच बसली. "आणि मी खीर आणून दिली ती?"

"खाल्ली. तांदूळ कच्चा होता."

करीमान आठवडाभर बोलली नाही. मग स्वतःच वर आली आणि शुरूकच्या सामानाभोवती धूप फिरवून गेली.

शुरूक गेली. तिकडे पानं गळायला लागली तेव्हाची गोष्ट. फोनवर तिचा चेहरा दिसत होता, जरा उतरलेला.

"आज वर्गात सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली, आई. एकेक जण काय काय सांगत होता स्वतःबद्दल! माझी पाळी आली तर तोंडातून निघेचना. म्हटलं, माझं काही विशेष नाही."

हे शब्द पोरीच्या तोंडात कुणी घातले ते इन्साफला पुरतं ठाऊक होतं.

"पुन्हा कधी आहे तो वर्ग?"

"परवा."

"मग आत्ता म्हणून दाखव. इथं, माझ्यासमोर."

"तिथं कोण बसलंय? करीमानमावशी आहे?"

"आहे. माझ्या शेजारी, डोळे फाडून बघतेय तुझ्याकडे. म्हण."

शुरूक अडखळत पुटपुटली, "मी शुरूक. दुमयातची. मी… मी हुशार आहे."

इन्साफ उठली, गल्लीकडची खिडकी सताड उघडली आणि फोनचा आवाज होता तेवढा मोठा केला.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "पुन्हा म्हण."