प्रबंधाचा गठ्ठा

बीदरमधल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात तो कित्येक वर्षं प्रबंधाची पानं घेऊन यायचा. प्रत काढायला देण्याआधी प्रत्येक पान शर्टाला पुसायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा म्हटलं, "अण्णा, काय लिहायलाव एवढं?"

"अणूच्या गाभ्यातले कण एकमेकांना ओढत असतात, अक्का. सगळ्यांचं गणित एकदम सुटत न्हाई. म्हणून प्रत्येक कण एकटाच फिरायलाय, असं धरून चालायचं."

"आणि खरं काय?"

"खरं तर तिथं एकटं कुणीच नसतं."

परवा त्यानं सगळा गठ्ठा काउंटरवर ठेवला. विद्यापीठानं दिलेली मुदत संपली होती. "मागची बाजू कोरी हाय, वापरा," एवढंच म्हणाला. मी काउंटरमागून बाहेर येईपर्यंत तो रस्ता ओलांडून गेला.

इतक्या वर्षांत मी त्याला साधं बसायलाही सांगितलं नव्हतं.