ग्रहण बघायला कापलेली निगेटिव्ह

ऐंशी सालच्या सूर्यग्रहणात, आमच्या बोरीवलीच्या इमारतीच्या गच्चीवरून मी जो सूर्य पाहिला तो अर्धवट खाल्लेल्या नानकटाईसारखा होता, फिकट, कडेने कुरतडलेला... आणि तो मी पाहिला होता निगेटिव्हच्या एका काळ्या तुकड्यातून. डोळे शाबूत राहिले हे नशीबच म्हणायचं! पण त्या तुकड्यात काय होतं हे कळल्यावर जो धक्का बसला, तो काही अजून ओसरलेला नाही.

मी तेव्हा नऊ वर्षांची. त्या दुपारी रस्ते ओस, दारं-खिडक्या बंद, घरोघर पाण्याच्या पिंपांवर तुळशीची पानं... आई स्वयंपाकघरात जप करत बसलेली. काळ्या फिल्ममधून बघितलं की डोळ्यांना काही होत नाही, असं खालच्या मजल्यावरच्या सुनीताने छातीठोकपणे सांगितलं होतं. मग काय, मी हळूच आईची ट्रंक उघडली. जुन्या साड्यांखाली, डांबरगोळ्यांच्या उग्र वासात, बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात घरातले सगळे फोटो — फेट्यातले आजोबा, आईबाबांचं लग्न — मलमलीत गुंडाळून ठेवलेले. "पुढे तुझ्या मुलांना दाखवायचेत," असं म्हणून आई मला त्यांना बोटसुद्धा लावू देत नसे. मीही लावलं नाही. तेवढी अक्कल होती. तळाच्या खाकी पाकिटात मात्र एकच मोठी निगेटिव्ह होती. ती कोणाची हे न बघताच, जो भाग सर्वांत काळा तेवढा मी कात्रीने कापला, एक तुकडा मला, एक सुनीताला. उरलेला फिकट भाग बिनकामाचा, म्हणून परत पाकिटात कोंबला.

ग्रहण सुटलं. आंघोळी झाल्या, तुळस न घातलेलं पाणी ओतून दिलं, आणि ग्रहणातलं काही घरात नको म्हणून आम्ही दोघींनी ते तुकडेही शहाण्यासारखे कचऱ्याच्या पिंपात टाकले.

दुसऱ्या दिवशी ट्रंकेची कडी उघडी दिसली म्हणून आईने डबा काढला. "हे कोणी कापलं?"

"मी. ग्रहण बघायला. फोटो नाही गं कापला, नुसती निगेटिव्ह होती."

मुंबईत आल्यापासून आई आमच्याशी कधी मालवणीत बोलली नव्हती. त्या क्षणी ती किंचाळलीच, "अगो बाये, ह्येच्यात माझो झील होतो गो!"

झील, म्हणजे मुलगा. मी हबकलेच. आईला मुलगा? मी तर एकुलती एक! बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आई चपला न घालता जिना उतरून पिंपापर्यंत धावली. गाडी सकाळीच कचरा घेऊन गेली होती.

माझ्याआधी तिला मुलगा झाला होता. तान्ह्याचा फोटो काढला की त्याचं आयुष्य घटतं, ही सासूची ताकीद मोडून आईने त्याला गुपचूप स्टेशनजवळच्या स्टुडिओत नेलं, आणि आठवड्याभरात तो तापाने गेला. चार महिन्यांचा होता. आपल्यामुळेच गेला, हे तिच्या मनाने घेतलं. प्रिंट काढायची तिची छाती झाली नाही. निगेटिव्ह तेवढी घेऊन आली. आज काढू, उद्या काढू... दहा वर्षं गेली. त्याचा गोरा चेहरा निगेटिव्हवर काळाकुट्ट उमटला होता. सर्वांत काळा भाग तोच!

आईने मला मारलं नाही. पुढच्या आठवड्यात तो बिनकामाचा तुकडा घेऊन ती त्याच स्टुडिओत गेली, मला बरोबर घेऊन.

"ताई, यात काही नाही हो," स्टुडिओवाला म्हणाला.

"जे आहे ते काढा."

निघाली ती गडद साडीतली मांडी आणि तिच्यावर मोज्यांतले दोन इवलेसे पाय. आई कितीतरी वेळ बघत राहिली. "मोजे मी विणले होते," ती म्हणाली. "लाल होते."

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा माझी मुलगी सगळे जुने फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेत होती, तेव्हा हा तिच्या हाती लागला.

"आई, हे पाय कोणाचे?"

"तुझ्या मामाचे."

"आणि चेहरा?"

"तो मी कापला."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं नाही.