यादीतली शेवटची ओळ

करपलेल्या भाकरीचा वास आणि शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा वास हे दोन वास माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळून बसले आहेत. पंचायतीचं रजिस्टर आमच्या उंबऱ्यावर यायचं ते नेमकं सकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी. तव्यावर ज्वारीची भाकरी फुगत असायची, हात पिठानं भरलेले असायचे, आणि दारातून शिपायाचा आवाज यायचा, "अक्का, सही." काखेतलं रजिस्टर तो उंबऱ्यावर उघडून ठेवी आणि बोटानं जागा दाखवी. मी पदराला हात पुसून सही करी. शेजारच्या मेंबरबाईंना लिहिता येत नसे. त्यांच्या अंगठ्यासाठी तो शाईची डबी बरोबर बाळगी. डबी उघडली की तो गोडसर, औषधासारखा वास कुडावरून थेट माझ्या चुलीपर्यंत पोचे. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपलेली असे.

अशा रीतीनं दोन वर्षं मी गावाचा कारभार केला.

आमच्या बीदरच्या या सीमेकडच्या टोकाला राखीव जागेवर बाई निवडून आली की असंच चालायचं. सभा कचेरीत भरायची. बायांच्या खुर्च्यांवर त्यांचे मालक बसायचे, चहा प्यायचे, ठरवायचं ते ठरवायचे, आणि मग ती सभा रजिस्टरात बसून दारोदार फिरायची. माझे मालक नोकरीनिमित्त उदगीरला, म्हणून माझी खुर्ची रिकामी राहायची, एवढाच काय तो फरक. मला कुणी बोलावलं नाही हे खरं. पण मीही कधी गेले नाही, हेही तितकंच खरं, आणि ते इथं लिहून ठेवायला हवं. एम. ए.ला कविता शिकलेली, चार वर्षं कॉलेजात शिकवून आलेली बाई मी. उंबऱ्यावर वाकून सही करताना त्या पानावर काय लिहिलं आहे हे मी दोन वर्षं नीट वाचलं नव्हतं.

आमची गल्ली गावाच्या माळाकडच्या अंगाला, चढावर. पाण्याची मोठी टाकी गावाच्या दुसऱ्या टोकाला, सखल जागी. सरकारनं घरोघर निळे पाइप आणले, पितळी तोंडाचे नळ बसवले. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या जणी आपापल्या नळापाशी घागरी घेऊन उभ्या होतो. नळ उघडला आणि त्यातून वारा आला. लांब, ओला, शिट्टीसारखा वारा. जणू जमिनीखाली कुणीतरी सुस्कारे टाकत होतं. खालच्या गल्ल्यांत पाणी होतं, आमच्याकडे त्याचा आवाज होता. पुढे त्या नळांवर आम्ही फडकी वाळत घालू लागलो.

पाणी होतं ते गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बोअरला. त्यावर हापसा. पाणी गोड, भर उन्हाळ्यातही न आटणारं, पण खोल. दांडा पोटात घेऊन, टाचा उचलून हापसावं तेव्हा कुठे पाण्याला जाग येई. पहाटेपासून त्या दांड्याचा कर्रर्र आवाज सुरू होई. कोण हापसते आहे हे मला अंथरुणातून ओळखता येई. बाळंत होऊन महिना झालेली बाई थांबून थांबून हापसे. समोरच्या आत्या, सत्तरीच्या, एका लयीत हापसत आणि मध्येच त्यांचा श्वास दांड्याच्या आवाजाच्या वर ऐकू येई.

आमचं मागणं एवढंच होतं: त्या बोअरला मोटार बसवा आणि शेजारी चार तोट्यांची एक छोटी टाकी बांधा. वॉर्डसभेत आम्ही ते मांडलं. पंचायतीच्या साहेबांनी मान डोलावली, कारकुनानं लिहून घेतलं. गल्लीत परतल्यावर आत्यांनी घराघरांत चिमूटचिमूट साखर वाटली. "लिवून घेतलं गं बाई," एवढंच त्या प्रत्येक दारात सांगत होत्या. आमच्या माणसांचा कागदावर असा विश्वास आहे. पिढ्यान्‌पिढ्या आमचं काहीच कुणी लिहून घेतलं नव्हतं, त्यामुळे लिहिलं म्हणजे झालं, असं आम्हांला वाटत आलं आहे. सालाच्या आराखड्याची मंजुरी घेऊन रजिस्टर आलं तेव्हा मीही फक्त एवढंच पाहिलं, की टाकी यादीत आहे. दिसली. सही केली.

वर्ष गेलं, टाकी आली नाही. पुन्हा वॉर्डसभा, पुन्हा लिहून घेतलं, पुन्हा उंबऱ्यावर सही. टाकी दुसऱ्याही वर्षी आली नाही.

तिसऱ्या वर्षी, तुरीची रास चालू असताना, एका दुपारी आत्या माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. लुगड्याला तुरीच्या भुश्याचा, कोरडा, नाकात हुळहुळणारा वास होता. पाणी पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि विचारलं,

"पोरी, आपली टाकी यादीत कितव्या नंबरला हाय गं?"

"आहे आत्या, यादीत आहे."

"हाय ते ठावं हाय मला. वर हाय का खाली?"

मी तांब्या पुन्हा भरायला उचलला.

"म्या रॉकेलच्या रांगेत जल्म घातला," आत्या म्हणाल्या. "शेवटाला उभारलेल्या बाईला रॉकेल मिळालेलं म्या तर कवा बघितलं न्हाई. रांगेत हाय म्हणून काय झालं? डबा रिकामाच घेऊन यायचा. तू एवढी शिकलेली, तुला कामून कळंना?"

मला राग आला नाही. लाज वाटली, आणि ती लाज अजूनही ओली आहे. कवितेत ओळ कुठे येते यावर सगळं असतं, हे मी मुलामुलींना वर्गात घसा सुकेपर्यंत सांगितलं होतं. तीच ओळ वर असली तर दार उघडते, खाली ढकलली तर नुसती उरते. आणि माझ्या गल्लीची ओळ कुठे आहे हे मी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी दोन्ही वर्षांचे आराखडे मागितले. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं आणि कपाटातून काढून दिले. आराखडे कानडीत होते. शाळेत कानडी शिकलेली असल्यानं मला वाचायला अडचण नव्हती. पहिल्या वर्षी टाकी शेवटची. दुसऱ्या वर्षीही शेवटची. निधी वरून खाली उतरत येतो आणि मधेच कुठेतरी संपतो. आमच्या ओळीपर्यंत तो दोन्ही वर्षी पोचला नव्हता. खाली माझी सही होती, वळणदार, टिंबासकट.

चार दिवसांनी शिपाई नव्या आराखड्याचं रजिस्टर घेऊन आला. भाकरी तव्यावर होती. मी ती आधी उलटली, नीट शेकली, उतरवली, आणि मग दारात आले.

"अण्णा, ही सही मी इथं करणार नाही. सभा कधी आहे ते सांगा. मी तिथं येते."

तो गोंधळला. "अक्का, सभा झालीच की. कवाच झाली."

"मग पुन्हा भरवा. मी नव्हते तर ती झाली नाही."

"मला कामून अडचणीत टाकायलाव अक्का? नुसती सही तर हाय."

"नुसती असती तर तुम्ही ऊन डोक्यावर घेऊन दारोदार हिंडला नसता."

तो हसला. वाईट माणूस नव्हता. रजिस्टर मिटलं आणि म्हणाला, "सांगतो साहेबाला. पण बोलणी मलाच बसतील बगा."

त्या आठवड्यात मी अध्यक्षबाई सोडून बाकीच्या तिघी मेंबरबाईंच्या घरी गेले. प्रत्येकीच्या उंबऱ्यावर बसून एकच गोष्ट सांगितली: रजिस्टर आलं तर म्हणा, कचेरीत येऊन करते. एकीनं आतून दार लावून घेतलं. शेजारच्या मेंबरबाईंनी आपला शाईनं जांभळा झालेला अंगठा निरखत विचारलं, "खुर्चीवर बसायचं का खाली?" मी म्हटलं, खुर्चीवर. "मग येते." तिसरीच्या मालकानंच मला बाहेर गाठलं. "मास्तरीणबाई, बायकांना फितवायलाव व्हय?" मी म्हटलं, बोलवायलेय. तिसरीही आली.

सह्या अडल्या म्हणून सभा पुन्हा भरवावी लागली. त्या दिवशी कचेरीत जुन्या कागदांचा दमट वास होता, आणि त्यावर उकळलेल्या चहाचा. अध्यक्षांच्या खुर्चीवर अध्यक्षबाईंचे मालक बसले होते. गावात त्यांचं खताचं दुकान. अध्यक्षबाई स्वतः मागच्या बाकावर, पदर कपाळापर्यंत ओढून. दोन वर्षांत त्या सभेत एक शब्द बोललेल्या कुणाला आठवत नव्हत्या. त्या कचेरीत आल्याच असतील तर झेंडावंदनाला. आज बाया येणार हे कळून त्याही आल्या होत्या.

मी पंचायतीच्या अधिकाऱ्यांना म्हटलं, "साहेब, सुरू करण्याआधी एक करा. मेंबर कोण आणि बसलंय कोण, एवढं जुळवून घ्या."

साहेब तरुण होते, कानडी, मराठी जपून बोलणारे. त्यांनी घाम पुसला. नियम त्यांना माहीत होता, तो मोडतो हेही माहीत होतं. फक्त आजवर कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मेंबर नाहीत, ते थोडं बाहेर बसा. प्लीज."

खुर्च्या सरकल्याचा आवाज फरशीवर घासत गेला. खताच्या दुकानाचे मालक सगळ्यांत शेवटी उठले आणि बाहेर न जाता दारात उभे राहिले. "घ्या," म्हणाले, "आज कविसंमेलन हाय. टाळ्या वाजवायला थांबतो."

दोघे-तिघे हसले. मी यादी हातात घेतली आणि वरपासून वाचू लागले, एकेक काम कानडीत आणि मग मराठीत. पहिल्या ओळीवर गावाच्या वेशीची कमान होती. शेवटच्या ओळीवर आमची टाकी. तिसऱ्याही वर्षी.

"कमान पहिली कुणी घातली?" मी विचारलं.

एक जुने मेंबर म्हणाले, "अक्का, येणारा-जाणारा आधी वेस बघतो. पलीकडच्या गावात बगा कसली झालीया. आपलं गाव काय कमी हाय?"

"अप्पा, येणारा-जाणारा वेस बघून निघून जातो. आम्ही इथं राहतो. सत्तरीची बाई पहाटे हापशाचा दांडा पोटाशी धरून लोंबकळते. तिला वेशीतून कुठे जायचं आहे?"

"तिची टाकी यादीत हाय की. कोण न्हाई म्हणतंय?"

"यादीत आहे आणि शेवटी आहे. तीन वर्षं. शेवटी ठेवणं म्हणजे नाही म्हणणंच, अप्पा. तोंडावर नाही म्हणा, म्हणजे आम्हांला भांडता तरी येईल."

साहेब मध्ये पडले. "मॅडम, नंबर म्हणजे नुसता क्रम असतो. ते एवढं इंपॉर्टंट नाही."

"मग वर घ्या. इंपॉर्टंट नसेल तर कमान शेवटी जाईल आणि कुणाचं काही बिघडणार नाही."

कुणी हसलं नाही. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. माझा आवाज थरथरत होता हे मला ऐकू येत होतं. मी तो तसाच ठेवला. थरथरणारा आवाजही आवाजच असतो, आणि मी दोन वर्षं तोही वापरला नव्हता.

"हात वर करून ठरवा," मी म्हटलं. "पहिल्या ओळीवर कमान की टाकी."

कमानीसाठी हात वर गेले, निवांत, सवयीचे. साहेबांनी मोजले. मग टाकीसाठी. माझा हात. शेजारच्या मेंबरबाईंचा, जांभळ्या अंगठ्याचा. तिसरीचा, बांगड्यांसकट. मग, माझ्या अपेक्षेबाहेर, खालच्या गल्लीतल्या एका तरण्या शेतकऱ्याचा. त्याची बहीण आमच्या गल्लीत दिलेली होती. पाठोपाठ आणखी एक. साहेबांनी दोनदा मोजलं.

"बरोबरी," ते म्हणाले. "अध्यक्षांनी हात वर केलेला नाही. त्यांच्या मतावर ठरेल."

सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. बाहेर कुठेतरी ट्रॅक्टर सुरू झाला आणि डिझेलचा वास खिडकीतून आत आला.

"कमान म्हण आन् उठ," दारातून मालक म्हणाले. "दुकान उघडायचंय."

अध्यक्षबाई उठल्या. दाराकडे त्यांनी पाहिलं नाही. बाकांमधून वाट काढत पुढे आल्या, रिकाम्या खुर्चीपाशी थांबल्या, पण बसल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, आवाज इतका बारीक की साहेब पुढे वाकले,

"अक्का, तुमच्या बोअरला पाणी हाय का खरंच? नस्ता टाकी बांधायची आन् कोरडीच राहायची."

"आहे. भर उन्हाळ्यातही आटत नाही. चाखून बघा, गोड आहे."

"म्या चाखलंय," त्या म्हणाल्या. "माझं माहेर तुमच्या गल्लीमागंच हाय. लगीन व्हायच्या आधी म्याबी तितंच हापसलंय."

"अगं, चर्चा काय करायलीस?" दारातून आवाज आला. या वेळी तो तितका निवांत नव्हता.

साहेबांचं पेन कागदावर टेकलं होतं. कपाळावरचा पदर अध्यक्षबाईंनी बोटभर मागे घेतला, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांचे डोळे पाहिले. त्यांच्यावतीनं बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला बोलायचंही नव्हतं. मी फक्त विचारलं,

"अध्यक्षबाई, टाकी कितव्या ओळीवर लिहायची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या,

"पैल्या."