व्हर्लिनचा कॅन

अलाबामातल्या एका फाउंड्रीत व्हर्लिन स्टोक्सने एकतीस वर्षं भट्टीसमोर काढली. तिथला कायदा एकच: हातात पाण्याचा कॅन नसेल, तर कामावर घेणार नाही. मुकादम झाल्यावर त्याने स्वतः कितीतरी जणांना फाटकातून घरी पाठवलं होतं. दिवसाला सात-आठ लिटर पाणी पोटात गेलं नाही, तर भट्टी माणसाला आडवा करते. मार्चमध्ये फाउंड्री बंद पडली, कॅन मात्र सुटला नाही. जित्याची खोड.

बेकारभत्ता हवा असेल तर लघवी तपासून घ्या, नशा करत नाही हे सिद्ध करा, असा सरकारी हुकूम होता. फाउंड्री विकून मोकळ्या झालेल्या मालकांची लघवी कुणी तपासली नाही, ते सोडा. बिअरपलीकडे कधी न गेलेल्या व्हर्लिनने बाटली भरून दिली. आठवड्याने कचेरीतल्या डार्लीन फिच बाईंनी कागद पुढे सरकवला.

"नमुना पातळ आहे. म्हणजे घटाघटा पाणी पिऊन तुम्ही काहीतरी लपवलंत."

"काय लपवणार? तहान?"

"सगळे असंच काहीतरी सांगतात. गुरुवारी परत द्या. पुन्हा पातळ निघाला तर भत्ता बंद."

"बाई, तुम्ही कधी भट्टीपाशी उभ्या राहिलात?"

"मी नोकरी करते, मिस्टर स्टोक्स."

भत्ता बंद म्हणजे बायकोचं, ओपलचं इन्सुलिन बंद. व्हर्लिनने कागद घडी करून खिशात घातला.

बुधवार दुपारपासून त्याने पाण्याचा थेंबही घेतला नाही. ऑगस्टचा उकाडा, जीभ टाळ्याला चिकटलेली. गुरुवारी बाटली भरताना तर कचेरीचा एक माणूस मागे उभा राहून बघत होता. त्याच्या कानाखाली एक वाजवावी, असं व्हर्लिनला फार वाटलं. नमुना कोऱ्या चहासारखा गडद निघाला आणि या वेळी 'पातळ नाही' हा निकाल तिथल्या तिथे लागला.

"बघा, जमलं की," फिचबाई म्हणाल्या. "थोडं कमी प्यायचं, एवढंच."

"पुढची तपासणी कधी?"

"ते आधी सांगत नसतात. फोन आला की दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं."

बाहेर ट्रकमध्ये ओपल वाट बघत होती. तिने बर्फ घातलेला कॅन पुढे केला.

"आधी पाणी पी. ओठ बघ कसे फुटलेत."

व्हर्लिनने खिशातला फोन चाचपला. मग कॅन उघडून एक घोट घेतला, मोजून एकच, आणि उरलेलं सगळं पाणी तापल्या डांबरावर ओतून दिलं.